गिअरबॉक्सला ठिबक

दौंड आणि शिरूर, ह्या दोन तालुक्यांत मोटारीतलं माझ्याएवढं कुणाला कळत नाही. परवा पारावर बसून मी हे छातीवर हात ठेवून सांगितलं, तर एकानंही 'न्हाई' म्हटलं नाही. (पारावर त्या घडीला मी होतो आणि बन्सीचं म्हातारं कुत्रं होतं. कुत्रं मधेच उठून गेलं, पण ते उन्हामुळं.)

मी हौसराव. मुक्काम वरवंड. शिक्षण सातवी, दोन वेळा. साखर कारखान्याची जीप एकतीस वर्षं चालवली. गावात अशी एक चप्पल नाही जी मी कधी लपवली नाही, आणि असा एक माणूस नाही ज्याला मी खोट्या निरोपानं चौफुल्यापर्यंत हेलपाटा घालायला लावला नाही. स्वभावच तसा. पण मनात काही नसतं. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, मला कुणाचा हेवा वाटत नाही. एक महबूब सोडला तर.

महबूब कारखान्याच्या गॅरेजला मेकॅनिक होता. आता शिरूरला स्वतःचं गॅरेज टाकलंय. चाळीस वर्षांपूर्वी हा नवीन लागला तेव्हा, त्याला चारचौघांत लाजवावं म्हणून मीच पुतळाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, पढवून त्याला राखी बांधायला लावली. गंमत म्हणून. तर हा पठ्ठ्या लाजला नाही. दुसऱ्या दिवशी साडी घेऊन हजर! तेव्हापासून तो तिचा भाऊ, माझ्या लेकीचा मामा, आणि मी त्याचा दाजी. घरात खरवस झाला की पहिला डबा शिरूरला जातो. उरला तर मला. खोडी मी काढली आणि मेवा तो खातोय, चाळीस वर्षं.

तर सुरुवात अशी झाली. माझी लेक तेजश्री रांजणगावच्या कंपनीत इंजिनीअर आहे, राहते शिरूरला. तिला गाडी पळवायचा नाद. (नाद कुणाकडून आला हे मी माझ्या तोंडानं सांगणार नाही. कारखान्याच्या जीपमध्ये मांडीवर बसवून तिला स्टेअरिंग कुणी धरायला शिकवलं, ते तुम्हीच ओळखा.) कंपनीला सुट्ट्या दोन, गुरुवार आणि रविवार. रविवार तिचा, गुरुवार आमचा, म्हणून ती बुधवारी संध्याकाळी घरी येते. तशी एकदा आली आणि जेवता जेवता म्हणाली,

"आई, रविवारी ट्रॅकवर गेले होते गाडी घेऊन."

पुतळाबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आमच्या दौंड तालुक्यात ट्रॅक म्हटलं की एकच, रेल्वेचा.

"अगं बया! रुळावर? आन् गाडी आली म्हंजी?"

"गाडी मीच घेऊन गेले होते गं."

"तुझी न्हाई, दौंडची!"

मग तेजश्रीनं समजावलं. शिरूरपासून अर्ध्या तासावर कुणीतरी माळावर डांबरी ट्रॅक केलाय. वळणं वळणं. समोरून कुणी येत नाही, म्हैस आडवी जात नाही, गतिरोधक नाही. हेल्मेट घालायचं आणि पाहिजे तेवढी पळवायची.

"पळवून जायाचं कुठं?" मी विचारलं.

"कुठंच नाही आबा. फिरून तिथंच."

"मग बैलाचं काय चुकलं? घाण्याला तो बी तसाच फिरतो."

ती हसली नाही. चौथ्या फेरीला म्हणे गाडीत पिवळा दिवा लागला. गिअरबॉक्स तापला. गाडी दमली, पळेना. मागून आलेल्या सगळ्यांनी तिला मागं टाकलं. म्हणून आता गिअरबॉक्सला कूलर बसवायचाय.

"गिअरला कूलर! मग क्लचला पंखा बी लाव की."

"आबा, गाडी ऑटोमॅटिक आहे. हिला क्लचच नाही."

(एकतीस वर्षं ज्या डाव्या पायावर पोट भरलं, तो पाय एका वाक्यात बेकार झाला.)

"महबूबमामांनी किती सोपं करून सांगितलं," ती आईला म्हणाली. "उकळता चहा कपात तसाच राहतो, बशीत ओतला की निवतो. कूलर म्हणजे गिअरच्या ऑइलची बशी. पुढं जाळीच्या मागं वाऱ्याला बसवायची. दोन पाइप जोडायचे. एकातनं तापलेलं ऑइल येणार, दुसऱ्यातनं निवलेलं परत जाणार."

"भाऊचं डोकंच तसं हाय," पुतळाबाई म्हणाली.

जन्मभर बशीतनं चहा मी प्यालो, फुर्र आवाज करून, सगळ्या गावाच्या शिव्या खात. आणि बशी सुचली त्याला!

पण खरा काटा पुढंच होता. तेजश्री म्हणाली, "कूलर बसला की त्या रविवारी सहा फेऱ्या टेस्टिंग. बाजूच्या सीटवर महबूबमामा बसणार. गिअर ऐकायला."

"आन् मी?"

"बाजूच्या सीटवर एकच माणूस चालतो आबा. मागं कुणाला बसू देत नाहीत. तुम्ही तारेबाहेरून बघा."

तारेबाहेरून! मी! जिला मी मांडीवर बसवून गाडी शिकवली, तिच्या शेजारी बसणार कोण, तर महबूब! त्या रात्री मी पाणीसुद्धा रागानं प्यालो.

पार्सल मंगळवारी आमच्या वरवंडच्या पत्त्यावर आलं, कारण तेजश्री दिवसभर कंपनीत. मी आधी नेहमीचं औषध करून बघितलं. नातेवाइकाच्या फोनवरून महबूबला फोन लावला, नाकाला बोटं धरली आणि हिंदीत म्हणालो, "हॅलो, कूलर आया है आपका. दो पंखेवाला. टाकी में पानी भरके रखो, और खस की जाळी पण तैयार रखो."

पलीकडून आवाज आला, "दाजी, जेवलात का?"

मी फोन ठेवला. मग ठरवलं, फक्त उघडून बघायचं. एवढंच. बघायला काय जातंय?

आत वहीएवढी पत्र्याची चौकट होती, बारीक बारीक जाळी असलेली. दोन नळकांडी, काळा रबरी पाइप, क्लिपा. मी ती चौकट हातात फिरवली आणि मला हसूच आलं. हे बसवायला महबूब कशाला पाहिजे? हे तर पुतळाबाईसुद्धा पोळ्या लाटता लाटता बसवील. आणि लगेच डोक्यात आलं की महबूब गाडी न्यायला येईल तेव्हा कूलर बसलेला असला तर? 'कुणी बसवला?' 'मी.' मग बाजूची सीट कुणाची? झालं.

गुरुवारी दुपारी मायलेकी एसटीनं दौंडला गेल्या, पुतळाबाईच्या दाढेसाठी. जाताना तेजश्री म्हणाली, "आबा, मामा सहाला येऊन गाडी शिरूरला नेणार आहेत. तोवर गाडीला हात लावू नका." पुतळाबाई म्हणाली, "आन् अंगणात कुरडया घातल्यात. कावळं हाकला."

मी लेकीचा शब्द मोडला नाही. हात लावला नाही. पाना लावला.

पुढचा बंपर निघाला. (निघाला म्हणजे काय, मी बसलो आणि तो सुटला.) चौकट जाळीमागं तारेनं बांधली. मग खाली शिरून गिअरबॉक्सकडून येणारी नळी शोधली, ढिली केली, तर भळकन लाल ऑइल माझ्या तोंडावर! लालभडक, लग्नातल्या गुलाबाच्या सरबतासारखं. मी बाहेर आलो तर कुंपणापलीकडं बन्सी उभा.

"हौसराव, बोकड कापलं का काय? आन् ते बी गुरुवारचं?"

"कूलर बसवतोय."

"ऑपरेशन करून?"

मी लक्ष दिलं नाही. शहाणे लोक पाइप आधी मापतात आणि मग कापतात. मी कापला आणि मग मापला. वीतभर कमी पडला. दोन्हीकडचा. आता घड्याळात तीन वाजलेले. वरवंडच्या दुकानात असला पाइप मिळायचा नाही. पण शेतकऱ्याच्या घरात नळीला काय तोटा? घराच्या मागं उसाच्या ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं पडलेलं. काळी, मऊ, हाताला छान. नळी दिसायला साधी, वरून कुठं थेंब सोडणारं बोंड नाही की काही नाही. मी दोन हातभर तुकडे कापले, जरा ढिले वाटले म्हणून क्लिपा जीव खाऊन आवळल्या, आणि गाडी चालू केली.

पाहिलं तर एक थेंब. क्लिप आवळली. दुसऱ्या जागी थेंब. ती आवळली. मग तिसऱ्याच जागी. असं करत करत माझ्या लक्षात आलं की थेंब क्लिपेपाशी पडतच नाहीत, नळीच्या मधोमध पडतात. मी म्हणालो, नवीन वस्तू आहे, सुरुवातीला घाम येणारच. एक चक्कर मारली की बसेल. म्हणून गाडी फाट्यापर्यंत नेली आणि परत आणली. अंगणात वळताना जरा जोर दिला, शेवटी ट्रॅकची गाडी! आणि पुढच्या जाळीतनं चार लाल पिचकाऱ्या उडाल्या. समोर धुतलेलं पांढरं धोतर, धोतरावर पहाटेपासून घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया.

(एक सांगतो, त्यानंतर एकाही कावळ्यानं कुरडईला चोच लावली नाही. पुतळाबाईनं सांगितलेलं काम मी चोख केलं.)

मी धोतराची चार टोकं धरतोय तोच फाटक वाजलं. महबूब. सहाला यायचा तो चारला आला! हा माणूस मला सुखानं चूकसुद्धा करू देत नाही.

"दाजी, राम राम. कुरडयांना रंग कुणी दिला?"

"औंदाची नवी फॅशन हाय."

"आन् तुमच्या तोंडाला?"

"मॅचिंग."

तो हसला नाही. बॉनेट उघडून वाकला. मी त्याच्या पाठीमागं उभा, जणू गाडी शेजाऱ्याची. मग त्यानं बोटानं नळी फिरवली आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागला.

"ही नळी कुठली म्हणायची?"

"इंपोर्टेड."

"व्हय? इथं तर लिहिलंय, दर चाळीस सेंटीमीटरला थेंब पाडायचं एक भोक. आतल्या बाजूला."

"म्हंजी?"

"म्हंजी दाजी, तुम्ही गिअरबॉक्सला ठिबक केलंय."

मग म्हटलं काहीतरी बोलावं, "उसाला पाणी वाचतं. मला वाटलं ऑइल बी वाचंल."

"इंजिन किती येळ चालवलं?"

"दोन मिनिटं."

"दाजी."

"पाच."

"दाजी!"

"फाट्यापर्यंत नेऊन आणली."

तेव्हा मात्र महबूबनं कपाळाला हात लावला. हा माणूस बंद पडलेल्या ट्रकपुढं हसत उभा राहतो. त्यानं कपाळाला हात लावला म्हणजे काम मोठं. "ऑइल संपल्यावर अजून दोन किलोमीटर नेली असती तर आतलं सगळं जळून गेलं असतं," तो म्हणाला. "पोरीचा रविवारच काय, गाडीच गेली असती." मला एकदम तेजश्रीचं तोंड दिसलं. सीट, हेल्मेट, महबूब, सगळं विसरून मी म्हणालो, "महबूब, काय बी कर, पण ती यायच्या आत कर."

त्यानं पिशवी उघडली. आत ऑइलचे चार डबे आणि नवाकोरा जाड रबरी पाइप, चांगला दोन मीटर.

"हा कशाला आणला होतास?"

"पार्सल तुमच्या घरी येणार कळलं, तवाच इकत घेतला."

आता तुम्हीच सांगा, असल्या माणसावर प्रेम करावं की त्याला विहिरीत ढकलावं?

दीड तास तो खाली आणि मी वर, बॅटरी धरून. त्यानं पाइप जोडले, ऑइल भरलं, गाडी गरम करून परत मापलं. एक थेंब नाही. कान बॉनेटला लावून तो डोळे मिटून ऐकत बसला आणि म्हणाला, "वाचला. बिचारा कण्हत बी न्हाई." मीसुद्धा कान लावला. मला माझंच काळीज ऐकू येत होतं.

आणि मायलेकी आल्या. पुतळाबाईची दाढ काढलेली, तोंडात कापूस. तिनं आधी अंगण पाहिलं, मग धोतर, मग मी. कापसामुळं तिला बोलता येईना. (माझ्या संसारातली ही देवाची एकमेव कृपा.) तेजश्री गाडीकडं धावली.

"हे काय? गाडी कुणी उघडली?"

मी तोंड उघडायच्या आत महबूब म्हणाला, "म्याच दाजींना फोन करून सांगितलं व्हतं, उघडून ठेवा म्हणून. नळी बी मीच चुकीची सांगितली. चूक माझी हाय पोरी."

"असू दे मामा," तेजश्री लगेच विरघळली. "बसला ना कूलर? तुम्ही होतात म्हणून."

पुतळाबाईनं कापसासकट त्याच्याकडं असं कौतुकानं पाहिलं, की माझ्याकडं चाळीस वर्षांत एकदा तसं पाहिलं असतं तर मी चेअरमन झालो असतो.

एखादा शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. वाचला होता ना! पण माझ्या अंगाचा भडका उडाला. खरवस त्याचा, बशी त्याची, सीट त्याची. आणि आता चूकही त्याची? सबंध दिवस राबून, तोंडाला ऑइल फासून, कुरडया रंगवून जी एक गोष्ट मी स्वतःच्या हातानं केली होती, तीसुद्धा ह्यानं आपल्या नावावर घेतली! माझं म्हणून काही शिल्लक ठेवतो की नाही हा माणूस?

"खोटं बोलतोय तो!" मी ओरडलो. "त्याला काय डोंबलाचं सुचतंय असलं! ठिबक मी लावलं! पाइप मी कापला! फाट्यापर्यंत बी मीच नेली!"

कुंपणापलीकडनं बन्सी म्हणाला, "व्हय, मी साक्षीदार हाय."

पुतळाबाईनं तोंडातला कापूस काढला. पुढचा अर्धा तास मी इथं लिहीत नाही.

रविवारी तेजश्री आणि महबूब आम्हाला न्यायला वरवंडला आले आणि आम्ही चौघं ट्रॅकवर निघालो. सबंध रस्ताभर, न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत, मी मागच्या सीटवर महबूबला कोपरानं ढोसत होतो. शेवटी नमतं घ्यायचं ठरवलं आणि त्याच्या कानात सरळच म्हणालो, "महबूब, ती सीट मला दे. जन्मात परत तुझी खोडी काढणार न्हाई."

तो म्हणाला, "दाजी, सीट मी दिली कवाच."

माझं मन एकदम मोठं झालं. म्हटलं, पुढल्या खरवसाचा डबा मी स्वतः शिरूरला पोचवीन. ट्रॅकवर पोचलो. मी शर्ट खोचला, टोपी काढून केस बसवले (आहेत तेवढे), आणि हेल्मेटसाठी हात पुढं केला. तेजश्रीनं हेल्मेट माझ्या हातावरून पलीकडं नेलं आणि आईच्या डोक्यावर ठेवलं.

"मामांनी सीट आईला दिली," ती म्हणाली. "औंदाची राखीची ओवाळणी. आगाऊ."

पुतळाबाईनं अंबाडा सोडला, वेणी घातली, पदर कमरेला खोचला आणि हेल्मेट असं चढवलं की जणू जन्मभर भाकरीची पाटी न उचलता हेल्मेटच घालत आली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आम्ही दोघं तारेबाहेर. गाडी सुटली. पहिल्या वळणावर पुतळाबाई तिरपी झालेली दिसली, दुसऱ्यावर दुसऱ्या बाजूला, आणि तिसऱ्यावर तिनं आम्हाला हात केला. म्हणजे महबूबला केला. मला दिसला, एवढंच. महबूब डोळे मिटून उभा. "चवथी फेरी," तो पुटपुटला, "आता बघा, इथंच दिवा लागला व्हता." मी तार घट्ट धरली. चौथी गेली. पाचवी गेली. सहावीला गाडी सरळ रस्त्यावर अशी सुटली की माझ्या टोपीला वारा लागला, आणि मी, मी हौसराव, भर माळावर उड्या मारत ओरडलो, "माझी पोर हाय ती!" बाजूला महबूब सोडून कुणी नव्हतं. त्यालाच म्हणालो, तर तो म्हणाला, "म्हाईत हाय मला, दाजी."

गाडी थांबली. दिवा लागला नव्हता. पुतळाबाई उतरली, हेल्मेट काढलं. चेहरा लाल, केस विस्कटलेले, आणि ती हसत होती. तशी हसताना मी तिला किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मी धावत खिडकीपाशी गेलो.

"तेजू, गाडी अजून गरम हाय. आता एक फेरी माझी. मामाची न्हाई झाली, आईची झाली, आता बापाची. एकच."

तिनं हातमोजा काढला आणि माझ्याकडं बघत शांतपणे म्हणाली,

"आबा, बाजूच्या सीटवर बसणाऱ्याचं काम एकच असतं, ऐकायचं. मामा गिअरचं ऐकतात. आईनं चाळीस वर्षं तुमचं ऐकलं. तुम्ही आजवर कुणाचं ऐकलंय, सांगा बरं?"